मिठागरांच्या शेजारची मिठाची टंचाई

ऑक्टोबर उजाडतो, पाऊस परततो आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले ओढे दिवसेंदिवस बारीक होऊ लागतात. मग शिलोंड्याच्या वाटेवर, कान्हेरीच्या खालच्या अंगाला किंवा येऊरच्या बाजूच्या ओहळांत एक देखावा हमखास दिसतो. पाण्याची धार जिथे संपते त्याच्या हातभर अलीकडे, नुसत्या ओलसर वाळूवर, वीस-पंचवीस फुलपाखरं पंख मिटून दाटीवाटीने बसलेली असतात. फिकट पिवळे कॉमन एमिग्रंट, लहानखुरे ग्रास यलो, काळ्या पंखांवर हिरवट-निळ्या ठिपक्यांची ओळ असलेले कॉमन जे, मधूनच एखादा भला थोरला ब्लू मॉरमॉन, ज्याला २०१५ साली महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला. एरवी माणसाची सावली पडली तरी भुर्रकन उडणारे हे जीव इथे असे गुंगलेले असतात की कॅमेरा वीतभर अंतरावर नेला तरी जागचे हलत नाहीत. अभ्यासक या सवयीला मड पडलिंग म्हणतात, मराठीत तिला चिखलपान म्हणू लागले आहेत. अशा फोटोंखाली मात्र बहुधा ‘तहानलेली फुलपाखरं’ अशीच ओळ लिहिलेली असते आणि ती वाचणाऱ्याला पटतेही, कारण ऊन असतं, ओढा असतो आणि काठावर बसलेला जीव असतो. तरीही ती ओळ चुकीची आहे. फुलपाखरांना तिथे हवं असतं ते पाणी नव्हे, पाण्यात विरघळलेलं मीठ. ते मीठ जमवणारा जवळजवळ नेहमी नर असतो आणि त्यातला मोठा वाटा तो स्वतःसाठी ठेवत नाही. हे मान्य केलं तर उपनगरांतल्या फुलपाखरांसाठी काय राखायला हवं याची आपली यादीही बदलावी लागते.

अडचणीचं मूळ अळीच्या खाण्यात आहे. फुलपाखराच्या शरीराचं जवळपास सगळं सामान अळीच्या अवस्थेत गोळा होतं आणि अळी खाते ती पानं. अंधेरी-घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये कुंपणालगत रांगेने लावलेल्या आसुपालवावर टेल्ड जे वाढतो, बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन, रस्त्याकडेच्या बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. पानांत कर्बोदकं असतात, थोडीफार प्रथिनं असतात, पोटॅशियम तर भरपूर असतं. सोडियम मात्र जेमतेम. बहुतेक वनस्पतींचं सोडियमवाचून काही अडत नाही. त्यांची मुळं पोटॅशियम ओढून घेतात आणि सोडियमला शक्यतो दाराबाहेरच ठेवतात. प्राण्यांचं तसं नाही. चेतातंतूंतून संदेश जाणं, स्नायूंचं आकुंचन, आतड्यातून अन्नघटकांचं शोषण, यांतलं काहीही सोडियमशिवाय होत नाही. मांसाहारी प्राण्याला ते भक्ष्याच्या शरीरातून आयतं मिळतं. पाल्यावर जगणाऱ्याला, मग तो हत्ती असो की अळी, ते वेगळं शोधावं लागतं. हत्ती खारी माती खातात, डोंगरातल्या शेळ्या खडक चाटतात. अळीला यातलं काहीच जमत नाही, कारण ती आपलं झाड सोडून फारशी कुठे जातच नाही. पंख फुटल्यावर ती सोय होते, पण तोवर आहार बदललेला असतो. फुलांतला मधुरस उडायला लागणारी साखर देतो; सोडियमच्या बाबतीत तोही कफल्लकच. म्हणजे पानांत नाही आणि फुलांतही नाही. उरते ती जमीन.

जमिनीतही मीठ सगळीकडे सारखं नसतं. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांत जे घडतं तेच ओढ्याच्या काठावर अगदी लहान प्रमाणात घडत असतं: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. काठची बारीक वाळू खालची ओल वर ओढत राहते, वरच्या थरातून तिची वाफ होते आणि त्या पातळशा थरात दिवसागणिक क्षारांची भर पडत जाते. वाहत्या धारेत हेच क्षार फार विरळ असतात. म्हणून फुलपाखरू सहसा धारेत सोंड घालत नाही, काठावर, वाळू भिजलेली आहे पण बुडालेली नाही अशा पट्ट्यात बसतं. आणि म्हणूनच हा देखावा भर पावसाळ्यात, पाण्याचा सुकाळ असताना, फारसा दिसत नाही. तो पाऊस थांबल्यावर आणि पुढे उन्हाळ्यात ओढे डबक्यांवर आल्यावर दिसतो. त्या पट्ट्यात एखाद्या जनावराने मूत्र केलं असेल, खेकडा मरून पडला असेल, उदमांजराची किंवा बिबट्याची विष्ठा पडली असेल तर मग विचारायलाच नको. ब्लॅक राजासारखी दांडगी फुलपाखरं तर फुलांकडे ढुंकूनही न बघता विष्ठेवर आणि सडक्या फळांवर बसतात. आरे दूध वसाहत १९४९ची. तिथल्या तबेल्यांबाहेरची, म्हशींच्या मूत्राने भिजलेली जमीन माणसाला नाक मुठीत धरून ओलांडावी लागते. पण पशुखाद्यातून जनावरांना मीठ दिलं जातं, शरीराला नको असलेलं मूत्रावाटे बाहेर पडतं, आणि फुलपाखराच्या हिशोबात ती जागा बागेतल्या ताटव्यापेक्षा मोलाची ठरते. घामाने निथळणाऱ्या माणसाच्या मनगटावर फुलपाखरू येऊन बसतं तेव्हा त्याला आपल्याविषयी काही खास जिव्हाळा वाटत नसतो, एवढंच यावरून समजायचं.

तहानेचा मुद्दा निकाली काढायला प्रयोगशाळा लागत नाही, नीट बघितलं तरी पुरतं. वाळूवर बसलेल्या कॉमन जेची सोंड मध्यावर कोन करून खाली वळलेली असते आणि तिचं टोक वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत असतं. ते टोक थोड्या थोड्या वेळाने जागा बदलतं, चाचपतं, पुन्हा रुततं. नजर जरा मागे नेली तर पोटाच्या शेवटच्या टोकाशी पाण्याचा एक स्वच्छ थेंब जमतो आणि फेकला जातो. काही क्षणांनी दुसरा, मग तिसरा. कधीकधी थेंब न पडता बारीक चिळकांडीच उडते. एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर, असं बराच वेळ अखंड चालू राहतं. तहानलेला प्राणी प्यालेलं पाणी असं लगोलग टाकून देणार नाही. पाणी हे इथे केवळ वाहन आहे. आतड्यातून जाताना त्यातलं हवं ते काढून घ्यायचं आणि बाकीचं ताबडतोब बाहेर टाकून पुढच्या घोटाला जागा करायची, असा हा खटाटोप आहे. आता हवं ते म्हणजे नक्की काय, हे केवळ निरीक्षणाने ठरत नाही. त्यासाठी १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्म्स, फीनी आणि लेडरहाउस या तिघांनी टायगर स्वॅलोटेल या फुलपाखरावर प्रयोग केला. वाळूने भरलेल्या थाळ्या मांडल्या, काहींत नुसतं शुद्ध पाणी घातलं, काहींत निरनिराळ्या क्षारांची द्रावणं. नर रेंगाळले ते सोडियम असलेल्या थाळ्यांवर. पाणी सगळ्याच थाळ्यांत होतं, तेव्हा तहान हे कारण असतं तर अशी निवड व्हायचं काही कारण नव्हतं. पुढे १९९५ साली स्मेडली आणि आयझनर यांनी ग्लुफिसिया नावाच्या एका साध्या राखाडी पतंगाचा अभ्यास मांडला. हा पतंग रात्री डबक्याकाठी बसून तासन्‌तास पाणी ओढतो आणि मागून त्याच्या चिळकांड्या उडवत राहतो. त्याच्या शरीरातून गेलेलं पाणी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भरतं आणि शरीरात राहिलेलं सोडियम मोजता येतं. इतक्या पाण्याची तहान कुठल्याच जिवाला लागत नाही.

चिखलावरच्या गर्दीत मादी क्वचितच सापडते, ही गोष्ट निरीक्षकांना फार पूर्वीपासून माहीत होती. तिचा अर्थ मात्र उशिरा लागला. मीठ जर चेतातंतूंना आणि स्नायूंना लागत असेल तर ते मादीलाही लागणार. शिवाय अंड्यांत जे काही घालायचं ते तिलाच घालावं लागतं, म्हणजे तिची गरज उलट जास्तच. मग ती का येत नाही? उत्तर असं की तिचं मीठ तिला घरपोच मिळतं. मीलनाच्या वेळी नर नुसते शुक्राणू देत नाही. त्यांच्यासोबत पोषक द्रव्यांचं एक गाठोडं मादीच्या शरीरात सोडतो, त्याला स्पर्मॅटोफोर म्हणतात. पिव्हनिक आणि मॅकनील यांनी १९८७ साली युरोपियन स्किपर या छोट्या फुलपाखरात दाखवून दिलं की नराने जमवलेलं सोडियम या वाटेने मादीकडे जातं आणि त्याचा परिणाम प्रजननाच्या यशावर होतो. ग्लुफिसिया पतंगाचा हिशोब १९९६ साली आला आणि तो अधिकच बोलका आहे. डबक्यावर बसून आलेला नर आपल्या शरीरातलं निम्म्याहून जास्त सोडियम एका मीलनात मादीला देऊन टाकतो आणि मादी त्यातला बराच भाग अंड्यांत घालते. त्या अंड्यांतून निघणारी अळी पुन्हा सोडियम नसलेल्या पाल्यावरच वाढणार असते. बापाने दिलेली शिदोरी तिच्या उपयोगी पडते. हे लक्षात घेतलं की मादीचं न येणंही समजतं. तिला योग्य झाड शोधायचं असतं, पानापानावर उतरून पाय टेकवून ते ओळखायचं असतं, एकेक अंडं सुट्या जागी ठेवायचं असतं. जमिनीलगत तासभर स्तब्ध बसणं म्हणजे सरड्याला आणि पक्ष्याला आमंत्रण. तो धोका नराने पत्करावा आणि फळ दोघांनी वाटून घ्यावं, ही वाटणी टिकून राहिली. हा नियम पोलादी नाही, हेही सांगायला हवं. काही जातींत वय झालेल्या, बरीच अंडी घालून झालेल्या माद्या चिखलावर येतात. पण हा अपवाद मूळ तर्काला बळच देतो: भेट म्हणून आलेला साठा संपला आणि नवा नर नाही, तर मादीला स्वतः उठून जावं लागतं.

नर हे सगळं निव्वळ परोपकाराने करतो असं कुणी समजू नये. पाइपव्हाइन स्वॅलोटेल या फुलपाखरावर चंद्रेयी मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्यात सोडियम प्यायलेल्या नरांना नुसतं पाणी मिळालेल्या नरांपेक्षा मादी मिळवण्यात जास्त यश आलं. म्हणजे मीठ संततीला मिळतं तसं ते नराच्या पदरातही काही टाकतं. या दोन कारणांपैकी कुठलं मोठं यावर अभ्यासकांत वाद आहे आणि बहुधा ते जातीगणिक बदलत असावं. प्रत्येक मीलनात साठा रिकामा होतो, पुन्हा भरावा लागतो, आणि ज्याच्याकडे भरलेला साठा आहे तो पुढच्या मादीसाठी लवकर तयार होतो. तेव्हा ‘पुरेसं मीठ’ अशी मर्यादा नराच्या बाबतीत फारशी उरत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळ्यात अवघड आक्षेप त्यानेच सुटतो.

तो आक्षेप मुंबईकरालाच सुचेल असा आहे. मिठाची टंचाई दूर विदर्भातल्या किंवा ॲमेझॉनच्या पोटातल्या जंगलात समजू शकते. पश्चिम ॲमेझॉनमध्ये फुलपाखरं कासवांच्या डोळ्यांतलं पाणी पितात, आणि समुद्रापासून इतक्या लांब मीठ पोचतच नाही हे त्याचं कारण सांगितलं जातं. पण अंधेरी? इथे वर्सोव्याच्या बाल्कनीचे गज खाऱ्या वाऱ्याने वर्षा-दोन वर्षांत गंजतात. वर्सोव्यापासून आरेची हिरवाई हवाई अंतराने दहा किलोमीटरच्या आतबाहेर. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरं. दोन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जंगलातल्या फुलपाखराला मिठासाठी चिखल का चाटावा लागतो? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही, कारण त्याच्या बाजूने पुरावा आहे. कॅस्पारी, यानोव्हियाक आणि डडली यांनी २००८ साली अमेरिका खंडांतल्या मुंग्यांवर केलेल्या अभ्यासात किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसतशी वनस्पतींवर अवलंबून असणाऱ्या मुंग्यांची मिठाची ओढ वाढत गेलेली दिसली. शिकारी मुंग्यांत ही ओढ मुळातच कमी दिसली. म्हणजे समुद्राकडून येणारं मीठ खरोखरच मोजण्याइतकं काम करतं.

मात्र त्यावरून बोरिवलीत टंचाई असूच नये असं ठरत नाही. समुद्राचं मीठ हवेतून येतं आणि पानावर, खडकावर बसतं; ते पानाच्या आत शिरलेलं नसतं. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या धुलाईनंतर पानावर बसलेलं मीठ उरत नाही आणि बेसॉल्टच्या उतारावरच्या पातळ मातीतलं विरघळणारं सोडियमही ओढ्यांवाटे पुन्हा समुद्रालाच जाऊन मिळतं. आता फुलपाखरांचं वेळापत्रक त्याशेजारी ठेवून बघावं. अळ्यांची मोठी पैदास होते ती पावसाळ्यात, कारण कोवळी पालवी तेव्हाच असते. म्हणजे वाढीचे नेमके दिवस आणि धुवाधार पावसाचे दिवस एकच. मिठाच्या हवेत राहूनही अळीच्या तोंडी पडतं ते धुतलेलं पान. शिवाय मुळांनी सोडियम बाहेर ठेवण्याची झाडाची रीत समुद्र जवळ आहे म्हणून बदलत नाही. खारफुटीची गोष्ट वेगळी, पण आपली बहुतेक फुलपाखरं खारफुटीवर वाढत नाहीत. आणि तिसरी गोष्ट नराच्या भेटीची. मीठ केवळ जिवंत राहण्यापुरतं लागत असतं तर किनाऱ्याजवळ ही सवय सुटायला हवी होती. पण ज्या वस्तूवर नर-नरांमधली चुरस ठरते तिची ओढ, ती थोडी सुलभ झाली म्हणून, संपत नाही. या तर्काने किनाऱ्याजवळच्या नरांची ओढ मेळघाटातल्या नरांपेक्षा काहीशी कमी असावी, पण नाहीशी होऊ नये. शिलोंड्याच्या वाळूवरची गर्दी या दुसऱ्या अर्ध्या भागाची साक्ष तर रोजच देते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांच्याच गोटातून येतो: सगळं श्रेय सोडियमला का? मूत्रात, विष्ठेत, मेलेल्या खेकड्यात मिठाइतकाच नायट्रोजनही असतो आणि पाल्यावरच्या प्राण्याला तोही कमीच पडतो. बेक, म्युलेनबर्ग आणि फीडलर यांनी १९९९ साली बोर्निओतल्या जंगलात मिठाचं आणि अल्ब्युमिन या प्रथिनाचं द्रावण शेजारी ठेवून पाहिलं. स्वॅलोटेल कुळातली फुलपाखरं मिठाकडे वळली, पण इतर कुळांतल्या अनेकांनी प्रथिनाला पसंती दिली. आपल्याला अधिक जवळचा पुरावा जपानमधून २०१२ साली आला आणि तो चक्क कॉमन मॉरमॉनचा आहे, म्हणजे मुलुंडच्या कुठल्याही लिंबाच्या कुंडीवर जन्मणाऱ्या फुलपाखराचा. होंडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याचे नर ओल्या जमिनीतून अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन घेतात आणि तो प्रथिनं तसंच शुक्राणू तयार करायला वापरतात. हे मान्य करायलाच हवं. चिखलपान म्हणजे एकट्या मिठाची गोष्ट नव्हे. तरीही त्याने मुख्य दावा डळमळत नाही. पाणी हे कारण नाही, जमिनीतली दुर्मीळ द्रव्यं हे कारण आहे, ती जमवणारा नर आहे आणि ती अखेर प्रजननाकडे वळवली जातात. नायट्रोजनचा पुरावा यातल्या एकाही कलमाला बाधा आणत नाही, फक्त द्रव्यांच्या यादीत एकाची भर घालतो. या निमित्ताने एक गफलतही दूर करून टाकू. ब्लू टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर यांचे थवे खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या सुकलेल्या काड्यांवर लोंबकळताना दिसतात, तेही चिखलपानच म्हणून खपवलं जातं. तिथेही गर्दी नरांचीच असते आणि मीलनाशी संबंधही असतो, पण त्यांना हवी असतात ती त्या वनस्पतींतली अल्कलॉइडं. मादीला आकर्षून घेणारा गंध त्यांपासून तयार होतो. हे प्रकरण शेजारचं आहे, पण वेगळं.

तिसऱ्या शंकेला फार वेळ द्यायची गरज नाही. फुलपाखरं नुसती एकमेकांना पाहून जमतात, जागेत विशेष काही नसतं, असंही म्हटलं जातं. त्यात तथ्याचा अंश आहे. बोर्निओतल्याच कामात सुकवलेली मेलेली फुलपाखरं वाळूवर ठेवली तर स्वॅलोटेल आणि पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातले नर त्यांच्याजवळ येऊन उतरत, असं दिसलं. ओढ्याकाठी पिवळ्यांत पिवळे आणि निळ्यांत निळे असे गट पडलेले दिसतात, त्याचं मूळ इथे असावं. पण पाहून उतरणं निराळं आणि अर्धा तास बसून राहणं निराळं. आधी बसलेला भाऊबंद ही फक्त खूण. टिकून राहायचं की उडायचं हे सोंडेला आणि पायांना लागणारी चव ठरवते.

आता उपनगरांकडे. फुलपाखरांसाठी काही करायचं म्हटलं की आपण फुलझाडं लावतो. जरा जाणकार मंडळी अळीची खाद्यझाडं लावतात. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीने ही दृष्टी अनेकांना दिली. तिसरी गरज, म्हणजे ओल्या-कोरड्याच्या सीमेवरची उघडी माती, सहसा कुणाच्या यादीत नसते, कारण ती दिसायला ओंगळ असते. मुंबईच्या दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या याच उद्यानाच्या आणि आरेच्या टेकड्यांमधून निघतात. डोंगर सोडून वस्तीत शिरल्या की त्यांना काँक्रीटच्या उभ्या भिंती भेटतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर या भिंतींचा आग्रह का वाढला हे कुणालाही समजेल आणि वस्तीतल्या माणसांच्या जिवापुढे फुलपाखराच्या मिठाचा युक्तिवाद करणं वेडेपणाचं होईल. पण उभ्या भिंतीला काठ नसतो. पाणी वर-खाली होतं, तरी ओलसर वाळूचा पट्टा तयार होत नाही. म्हणून जिथे पुराचा प्रश्न नाही तिथे, उद्यानाच्या आतल्या ओहळांवर, आरेतल्या पाणंदींवर, टेकडीच्या पायथ्याच्या पऱ्ह्यांवर सुशोभीकरणाच्या नावाखाली दगडी कठडे आणि फरशा येतात तेव्हा विरोध करायला भक्कम कारण आहे. मग मालाडच्या सांडपाण्याच्या नाल्यात मीठ आणि अमोनिया दोन्ही भरपूर असताना तिथे फुलपाखरं का नाहीत, असं कुणी विचारेल. कारण मीठ ही रांगेतली शेवटची गरज आहे. आधी अळीला झाड हवं, मग पंखवाल्याला मधुरस. या दोन्ही असतील तरच नर मातीकडे वळतो.

आणि जास्त मीठ म्हणजे जास्त बरं, असंही नाही. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते रस्त्याकडेच्या झाडांत उतरतं, तेव्हा त्या पाल्यावर वाढलेल्या अळ्यांचं काय होतं हे स्नेल-रूड आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तपासलं. मोनार्क नरांचे उडण्याचे स्नायू अधिक भरले, पण अळ्या तगण्याचं प्रमाण घसरलं, आणि दुसऱ्या जातीच्या अळ्यांना फार खारट खाद्य दिलं तेव्हा त्यांतल्या थोड्याच वाचल्या. टंचाईवर वाढलेल्या शरीराला सुकाळ सोसवत नाही. तेव्हा गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत चिखलपानाची सोय करताना मिठाची पिशवी रिकामी करू नये. पसरट मातीची परात घ्यावी, तीत नदीची बारीक वाळू आणि मूठभर शेणखत कालवावं, सकाळचं ऊन येईल अशा जागी ठेवून रोज थोडं पाणी शिंपडावं. पाणी वर तरंगू देऊ नये. वरचा थर ओला-कोरडा होत राहिला तरच क्षार वर येतात. जवळपास कढीपत्ता, लिंबू, बहावा किंवा आसुपालव असेल तर नर यायची शक्यता बरी. जून ते सप्टेंबर परात उचलून ठेवली तरी चालते; त्या पावसात तिच्यातलं सगळं मीठ पहिल्या आठवड्यातच गटारात जातं.